चार महिने आली नाही, मग 19 दिवस थांबली नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत पीसीओएसवर, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या बायकांच्या हार्मोनच्या आजारावर, अख्खं पान होतं. वाढणारं वजन, हनुवटीवरचे केस, मुरुमं, दिवस राहायला लागणारा वेळ, सगळं नीट लिहिलं होतं. रक्तस्रावाबद्दल मात्र ‘पाळी अनियमित होते’ एवढंच. आमच्या घरीही हे तीन शब्द असेच सहज बोलले जायचे. त्यांच्या आत काय असतं ते मला या वर्षी कळलं, म्हणून लिहिते आहे.

मी 27 वर्षांची आहे. म्हसरूळला राहते आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघते. सीझनमध्ये दिवसभर हातात रजिस्टर असतं. कुणाचा माल, कुठला प्लॉट, किती क्रेट, गोडी किती ब्रिक्स, मणी किती मिलिमीटरचा, सगळं तारखेनिशी लिहायचं. एखाद्या लॉटची नोंद राहिली तर मला झोप लागत नाही. आणि डॉक्टर मॅडमनी विचारलं, “शेवटची पाळी कधी आली होती?” तर मला सांगता येईना. आईने उत्तर दिलं, “दिवाळीच्या आसपास.” नंतर घरी आल्यावर सुट्ट्यांचा हिशोब लावून तारीख काढली, 28 ऑक्टोबर. पुढची 17 फेब्रुवारीला आली. मधले दिवस 112.

या 112 दिवसांत मला एकदाही काळजी वाटली नव्हती. खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं. जानेवारीपासून आमच्याकडे कामाचा जोर असतो, आठ-दहा तास उभं राहायचं, अंगावर पांढरा एप्रन, टॉयलेट शेडच्या दुसऱ्या टोकाला. लाइनवरच्या बायका तर म्हणायच्या, “सुटलीस बाई तू, आमचं बघ.” मला पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली तेव्हापासून अशीच. कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. आई म्हणायची, “हिला पहिल्यापासून असंच आहे, लग्न झालं की सुरळीत होतं.” तिलाही तिच्या आईने हेच सांगितलेलं.

फेब्रुवारीत सुरू झाली ती नेहमीसारखी वाटली. चौथ्या दिवसापासून गाठी पडायला लागल्या. सहाव्या दिवशी मेडिकलमधून रक्त थांबायच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस कमी झालं आणि पुन्हा सुरू. मी कामावर जात राहिले. एप्रनखाली काळी लेगिंग, पिशवीत दोन जोड कपडे. व्हॅनमध्ये सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यावर ओढणी टाकून बसायचे. तासाभरात पॅड भरायचं. सुपरवायझर दादांना काय सांगणार? दर तासाला लाइन सोडते म्हणून दोनदा बोलणी खाल्ली, आणि ती मी निमूट ऐकून घेतली, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा कामचुकार ठरणं सोपं वाटलं. हे आता लिहितानाही मला वाईट वाटतं आहे.

सतराव्या दिवशी प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल थंड करायच्या खोलीच्या, दारात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन 6.8 निघालं. बाईचं 12 च्या खाली गेलं तरी ॲनिमिया म्हणतात, 8 च्या खाली गंभीर. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. रक्तस्राव पूर्ण थांबला तो एकोणिसाव्या दिवशी.

दवाखान्यात पहिल्या दहा मिनिटांत जे झालं ते सांगते, कारण तिथून बऱ्याच मुली परत फिरतात. मॅडमनी सगळ्यात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट लिहून दिली. आईचा चेहरा उतरला. “अहो, तिचं लग्न नाही झालेलं.” मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मावशी, पाळी चुकून मग रक्त जायला लागलं की ही तपासणी आम्ही सगळ्यांचीच करतो. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं, आणि ते नुसतं तोंडाकडे बघून कळत नाही. तुमच्या मुलीवर संशय नाही, तिची काळजी आहे.” मग आईला बाहेर बसवून माझ्याशी एकटीशी बोलल्या. हे इतकं साधं आहे, पण याआधी ज्या एका दवाखान्यात मी कॉलेजला असताना गेले होते, तिथे मला एक शब्दही विचारला नव्हता. सोनोग्राफीचा कागद बघून ‘पीसीओडी आहे, वजन कमी करा’ एवढंच. (पीसीओएसलाच बोलताना पीसीओडी म्हणतात.) तेव्हा माझं वजन 49 किलो होतं.

या वजनाच्या गोष्टीने माझी पाच वर्षं गेली. ‘हा जाड मुलींचा आजार’ असं आमच्याकडे सगळे धरून चालतात, म्हणून मला तो असूच शकत नाही असं मीही धरलं. वजन जास्त असेल तर त्रास वाढतो आणि पाच-दहा टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते, हे खरंच आहे. पण सडपातळ बाईलाही पीसीओएस होतो. माझ्या वडिलांना साखर आहे, हेही कुणी विचारलं नव्हतं. या आजारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग इन्सुलिन जास्त तयार होतं आणि ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. म्हणून मॅडमनी मला 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली आणि दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा तपासायला सांगितली.

आता मुख्य गोष्ट. चार महिने पाळी न येणं आणि मग ती न थांबणं हे मला दोन वेगळे आजार वाटत होते. ते एकच आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर मॅडमनी दाखवलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि तो माझ्या कामामुळेच पडला असं मला वाटतं.

आपल्या नाशिकच्या वाचकाला घडातले मणी समजावून सांगायला नकोत. एखाद्या घडात मणी धरतात भरपूर, पण फुगवण होत नाही, सगळे बारीकच राहतात. माझ्या अंडाशयात तसंच दिसत होतं. कडेने ओळीने बारीक बारीक काळे ठिपके, दोन ते नऊ मिलिमीटरचे. या गाठी नाहीत. नावात सिस्ट असलं तरी या सिस्ट नाहीत, ही वाढता वाढता थांबलेली बीजं आहेत. दर महिन्याला त्यातलं एक मोठं व्हायला हवं, साधारण 20 मिलिमीटरच्या आसपास जाऊन फुटायला हवं. (पॅकहाऊसमध्ये मी 18 च्या पुढचा मणी चांगला म्हणून बाजूला काढते, त्यामुळे हा आकडा मला लगेच डोळ्यांपुढे आला.) ते फुटलं तर त्याच्या जागी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर बांधून धरणं आणि दिवस राहिले नाहीत तर ते वेळेवर, एकदम, नीट उतरवणं, हे त्या हार्मोनचं काम.

बीज फुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. पण दुसरं हार्मोन, इस्ट्रोजेन, चालूच असतं आणि ते अस्तर वाढवत राहतं. पहिला महिना, दुसरा, तिसरा. बाहेर काही दिसत नाही म्हणून आपण खूश, आणि आत छाटणीच न झालेल्या बागेसारखी नुसती वाढ. मग ते अस्तर स्वतःच्याच भाराने कुठून कुठून निसटायला लागतं. एका कोपऱ्यातलं आज, दुसऱ्या कोपऱ्यातलं चार दिवसांनी. म्हणून कधी नुसता डाग, कधी धो धो, आणि शेवट नाही. माझं अस्तर 16 मिलिमीटर झालं होतं. तेव्हा ज्या 112 दिवसांना मी सुटका समजत होते, तेव्हाच त्या 19 दिवसांची तयारी चालली होती.

हार्मोनवर विश्वास न ठेवणारे आपल्या जिल्ह्यात कमी असतील. घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिड या हार्मोनच्या, पाण्यात बुडवताना शेतकरी दिवस मोजतो, प्रमाण मोजतो, चार दिवस मागे-पुढे झालं तर काय होतं ते त्याला ठाऊक असतं. त्याच घरातल्या मुलीची पाळी तीन महिने मागे-पुढे झाली तर मात्र ‘होतं असं’ म्हणतात.

मॅडमनी आधी रक्त थांबवण्यासाठी आणि मग पुढे दर वेळी ठरावीक दिवस घ्यायची प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी दिली. गोळी बंद केली की दोन-चार दिवसांत पाळी येते. त्यांनी एकच आकडा पाठ करायला लावला, 90. स्वतःहून आली नाही तर 90 दिवसांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. वर्षानुवर्षं अस्तर असंच वाढत राहिलं तर त्यातल्या पेशी बिघडू शकतात आणि पुढे गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कित्येक पट वाढते. घाबरू नका असंही त्यांनी सांगितलं, कारण तरुण वयात मुळात तो धोका लहान असतो. पण टाळण्यासारखी गोष्ट आहे तर टाळायची. कुणाला या गोळ्या, कुणाला गर्भनिरोधक गोळ्या, कुणाला मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी, हे प्रत्येकीचं वेगळं ठरतं. माझी औषधं कुणी वाचून घेऊ नयेत म्हणून नावं लिहीत नाही.

हे ऐकून आई रडली. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. निफाडच्या माझ्या मावशीला छत्तिसाव्या वर्षी असाच त्रास झाला होता आणि ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ असं सांगून ती काढली गेली. अस्तराचा तुकडा तपासला नाही, गोळ्या देऊन पाहिल्या नाहीत. मावशीला पीसीओएस होता का, ते आता कोण सांगणार? 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला तेव्हा मावशी टीव्हीसमोर बसून काही बोलली नव्हती. रक्त जास्त जातं म्हणजे पिशवीच काढायची असं नसतं, हे तिला त्या वेळी कुणी सांगायला हवं होतं. काही बायकांना ते ऑपरेशन खरोखर लागतं. पण त्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्या चढून पाहायचा तिचा हक्क होता.

दुसरी एक गोष्ट, जी मला फार टोचते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. मी स्वतः दोनदा घेतल्यात, एकदा घरी सत्यनारायण होता म्हणून आणि एकदा मावसबहिणीच्या हळदीला. नवरात्रात सप्तशृंगी गडावर जायचं, त्र्यंबकला पूजा आहे, की मेडिकलमधून स्ट्रिप आणायची. 2027 च्या सिंहस्थात तर घराघरांत या गोळ्या येतील असं मला वाटतं. देवाला चालतं की नाही हा वाद मी इथे घालत नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा. पण एवढं लक्षात घ्या. ही गोळी पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते. जिला आपली तारीखच माहीत नाही, ती तीन दिवस कशाच्या आधीचे मोजणार? दिवस राहिले असतील तर? आधीच तीन महिने अस्तर वाढलेलं असेल, तर गोळी थांबवल्यावर जे उतरतं ते नेहमीच्या पाळीसारखं असेलच असं नाही. शिवाय ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे त्यांना ती धोक्याची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नका, एवढंच सांगते. मी विचारलं नव्हतं.

सगळंच पीसीओएसवर ढकलणंही चूक आहे. आमच्या गल्लीतल्या एका वहिनीला वर्षभर ‘पीसीओडी’ म्हणून गोळ्या चालू होत्या आणि शेवटी थायरॉईड निघाला. प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं असू शकतं, गर्भपिशवीत फायब्रॉईडची गाठ असू शकते, लहान मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल तर रक्त गोठण्यात दोष असू शकतो. संबंधानंतर रक्त जाणं किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा दिसणं, या तर वाट बघायच्या गोष्टीच नव्हेत.

आणि याच्या अगदी उलटही होतं. माझ्या बहिणीची मुलगी 14 वर्षांची. माझं झाल्यावर बहीण घाबरली आणि तिला सोनोग्राफीला घेऊन गेली. रिपोर्टमध्ये ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ आलं, घरात रडारड. मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून हे ठरवायचंच नसतं, त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही असे ठिपके भरपूर दिसतात. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. मोठ्या बाईतही नुसत्या सोनोग्राफीवरून निदान होत नाही. बीज न फुटणं, पुरुषी हार्मोन वाढणं आणि अंडाशयाचं ते रूप, या तिन्हींपैकी दोन असावी लागतात आणि बाकीचे आजार नाहीत हे बघावं लागतं. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांच्या अंडाशयांवरून हा आजार मांडला, तेव्हापासून सगळ्यांची नजर त्या ठिपक्यांवरच. भाचीला पहिल्या वर्षा-दोन वर्षांत पाळी मागे-पुढे होणं साहजिक आहे. तिच्यासाठी मोजायचं ते असं: पहिल्या वर्षानंतर कधीही 90 दिवसांच्या वर खंड पडला, किंवा पहिलं वर्ष संपल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत 21 दिवसांच्या आत नाहीतर 45 दिवसांच्या पुढे असंच चालू राहिलं, तर दाखवायचं. तीन वर्षांनंतर 45 चा आकडा 35 वर येतो.

पण हे मोजणार कुठे? आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे लिहिते, गॅसची टाकी कधी लावली ते लिहिते, कामवाल्या ताईंची सुट्टी लिहिते. पाळीची तारीख लिहीत नाही, कारण वडील आणि भाऊ बघतात. रक्त चढवून घरी आल्यावर मी तारखेभोवती लाल पेनाने गोल केला. भावाने विचारलं हे काय. मी सांगितलं. तो जरा गप्प झाला आणि मग म्हणाला, “बरं, 90 दिवस झाले की मीही आठवण करीन.” मला वाटलं होतं त्याहून फार सोपं होतं ते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या साधारण दहा बायकांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हेच कळलेलं नसतं. आमच्या पॅकहाऊसमध्ये सीझनला दीडशेच्या आसपास बायका असतात. म्हणजे माझ्यासारख्या पंधराएक जणी रोज त्याच लाइनवर उभ्या असणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 21 च्या, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. ज्यांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे त्यांचं असं 19 दिवस गेलं तर काय होईल? त्यातल्या बऱ्याच रोजंदारीवर. खाडा झाला की रोज बुडतो, म्हणून त्या माझ्यापेक्षाही जास्त दिवस ओढतील.

पॅकहाऊस चालवणाऱ्या सगळ्या मालकांना माझी विनंती आहे. युरोपला माल जातो म्हणून हात धुण्याची, केस झाकण्याची, नखं कापण्याची तपासणी आपण रोज करतो. त्याच यादीत बायकांचं टॉयलेट लाइनच्या जवळ, प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड, आणि विचारल्याशिवाय पाच मिनिटं लाइन सोडायची मुभा एवढं घाला. सीझन सुरू होण्याआधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आमच्या सुपरवायझर दादांना मी नंतर सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी लाइनजवळ चार स्टुलं आणून ठेवली.

आपल्याकडेही एक मागणं आहे. पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा एक चौकट मोठ्या अक्षरात छापा. लागोपाठ दोन तास, तासाला एक पॅड भरत असेल. दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडत असतील. पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल. चक्कर, धाप, छातीत धडधड असेल. किंवा 90 दिवस पाळी आलीच नसेल, तर दवाखान्यात जा. चक्कर आणि धाप असेल तर त्याच दिवशी. कापड वापरणाऱ्यांसाठी पॅडऐवजी ‘रात्री कपडे-अंथरूण भिजतं का’ असं लिहा, माझ्या आईला तेच कळलं.

पत्राखाली माझं नाव छापू नये. मला त्याची लाज नाही, पण घरात स्थळं बघणं चालू आहे आणि आई अजून तयार नाही. समोरच्यांना मी स्वतः सांगणार आहे, एवढं तिच्याशी ठरलं आहे.

सीझन जानेवारीत सुरू होतो. चौकट त्याआधी छापून आली तर तिची झेरॉक्स काढून मी आमच्या टॉयलेटच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवीन.

आपली,
एक वाचक, म्हसरूळ, नाशिक